गिटारचा नेक आणि हेडस्टॉक घरी पॉलिश करताना

परीक्षा संपल्या की घराघरांतून गिटार उघडल्या जातात. मे महिना असतो, बाहेर ४५ अंश, आत कूलर धडधडतोय, आणि व्हरांड्यात बसून कोणीतरी पॉलिश पेपरने नेक, म्हणजे गिटारचा दांडा, घासतंय. पाऊस सुरू झाला की ओळखीतल्या मुलांच्या त्याच गिटार माझ्याकडे येतात. हेडस्टॉक, म्हणजे नेकच्या टोकाचं डोकं, खरखरीत किंवा दुधाळ झालेला, नेकच्या पाठीवर अंगठा चिकटतोय, एखाद्या ट्यूनरच्या (तार पिळायच्या खुंटीच्या) भोकापाशी बारीक चीर. लाकूड चांगलं असतं, मेहनतही भरपूर केलेली असते. चुकलेला असतो तो महिना, किंवा कामांचा क्रम.

म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे आणि क्रमानेच वाचावा. कोट मारण्याचं काम यात सगळ्यात छोटं आहे. त्याच्या आधीची तयारी आणि नंतरची वाट पाहणं, हेच खरं काम.

## १. आधी ठरवा: किती काढायचं?

नेक हाताला चिकटतो म्हणून लोक सगळं फिनिश लाकडापर्यंत खरवडतात. दहापैकी सात वेळा त्याची गरज नसते. चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन) फिनिश घामाने चिकटतं, आणि एप्रिल ते सप्टेंबर नागपुरात हात कोरडा राहत नाही. त्याला उपाय एवढाच, की नेकच्या पाठीची चमक मारायची. राखाडी रंगाचा बारीक स्क्रबिंग पॅड किंवा ०००० नंबरची स्टील वूल घ्या आणि नेकच्या लांबीच्या दिशेने दहा मिनिटं हलक्या हाताने घासा. मॅट झालं की काम संपलं. अर्ध्या वाचकांनी इथेच थांबावं, असं मला मनापासून वाटतं.

स्टील वूल वापरणार असाल तर इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप (तारांचा आवाज टिपणारी चुंबकं) आधी टेपने पूर्ण झाका. लोखंडाचा भुगा चुंबकाला चिकटला की निघता निघत नाही.

फिनिश सुटून पापुद्रे निघत असतील, लाकूड उघडं पडून काळं झालं असेल, किंवा आधी कोणी केलेलं काम बिघडलं असेल, तरच पूर्ण काढा. यातला मधला मार्गही आहे. जुनं फिनिश घट्ट बसलेलं असेल, पण ओरखड्यांनी भरलेलं असेल, तर ते ४०० नंबरने फक्त खरबरीत करायचं आणि त्यावरच नवे कोट द्यायचे. निघालेलं लाकूड परत येत नाही. नेकची जाडी अर्धा मिलिमीटर कमी झाली तरी हाताला वेगळी गिटार धरल्यासारखं वाटतं.

## २. महिना आणि जागा

नागपुरात या कामाला नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ चांगला. दुपारी २८-३० अंश, हवा कोरडी पण जाळणारी नाही.

मे महिन्यात फवारलेल्या लॅकरमधला थिनर पृष्ठभागावर पोहोचायच्या आतच उडतो. थेंब एकमेकांत मिसळत नाहीत आणि वर बारीक खड्डे राहतात. रंगवाले याला ऑरेंज पील म्हणतात. आपल्याकडे वेगळं समजवावं लागत नाही, संत्र्याची साल हातात घेऊन बघा, तंतोतंत तशीच. जुलै-ऑगस्टमध्ये उलटं होतं. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि पारदर्शक कोट पांढुरका होतो. कूलरच्या खोलीत हे दोन्ही त्रास एकत्र येतात, कारण कूलर ओलावा आणि धूळ दोन्ही आत फेकतो.

हिवाळ्यातही सकाळी सातला सुरू करू नका, रात्रीचं दव आणि गारवा लाकडात असतो. अकरा ते तीन ही वेळ उत्तम. संध्याकाळी नेक घरात आणून ठेवा.

जागा सावलीची हवी, हवा खेळती हवी, पण थेट वारा नको. गच्चीवर करायचं असेल तर पाणी शिंपडून धूळ बसवा आणि अर्ध्या तासाने काम सुरू करा. संक्रांतीच्या आठवड्यात गच्ची सोडून द्या. पतंग उडवणाऱ्यांच्या पावलांनी उडालेली धूळ ओल्या कोटावर बसली की पुन्हा घासण्यापासून सुरुवात.

सावध: एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर आणि थिनर भडकन पेट घेतात. देवघरातली समई, उदबत्ती, गॅस, हीटर, कूलरची मोटर, इन्व्हर्टर, यातलं काहीही त्या खोलीत चालू नको. नेक किंवा पूर्ण गिटार वाळवायला उन्हातही ठेवू नका. तापलेल्या गच्चीवर जोडांचा गोंद नरम पडू शकतो.

## ३. जुनं फिनिश ओळखा, नवं निवडा

ट्यूनरच्या प्लेटखाली जी जागा झाकलेली राहते तिथे ही चाचणी करा. कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब पॉलिशचं स्पिरिट घ्या आणि अर्धा मिनिट टेकवा. चिकट झालं तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश. काही झालं नाही तर तसाच एनसी थिनर लावा. नरम पडलं तर नायट्रो, म्हणजेच एनसी लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर पीयू किंवा पॉलिएस्टर. अलीकडच्या बहुतेक कारखानी गिटारवर हेच असतं.

नवं फिनिश काय लावायचं हे घासायला घेण्याआधी ठरलेलं हवं, कारण तयारी त्यावर ठरते.

नेकच्या पाठीसाठी मी एका डब्यातलं पीयू क्लिअर निवडतो, जे ब्रशने किंवा कापडाने लावता येतं. एशियन पेंट्सचं टचवूड याच जातीचं. ते पातळ करून कापडाने पुसून लावायचं. फवारा नाही, त्यामुळे धूळ कमी आणि चूक झाली तर सुधारता येते. पहिल्यांदा करणाऱ्याने हेच करावं.

दुसरा पर्याय तेलाचा. जवसाचं तेल विदर्भातल्या घरांना नवं नाही, पण खाण्याचं कच्चं तेल इथे चालत नाही. ते वाळायला आठवडे लागतात आणि तोवर नेक चिकट राहतो. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल म्हणून मिळतं, त्यात वाळवणारे क्षार घातलेले असतात. तेच घ्या. हाताला फार छान लागतं, मात्र संरक्षण कमी आणि वर्षातून एकदा पुन्हा हात द्यावा लागतो.

हेडस्टॉकच्या दर्शनी बाजूला चमक हवी असेल तर स्प्रे कॅनमधलं एनसी लॅकर बरं पडतं. पातळ कोट एकमेकांत विरघळतात आणि शेवटी आरशासारखं घासता येतं.

सुतार मंडळी फर्निचरसाठी मेलामाइन किंवा दोन डब्यांचं पीयू सुचवतील. टेबलासाठी ते चांगलं आहे. पण मेलामाइनची वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते, आणि दोन डब्यांच्या पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो. घरात हे फवारू नका, यावर माझं दुसरं मत नाही.

तपासा: जुन्या पीयूवर थेट एनसी फवारणार असाल तर आधी त्याच चाचणीच्या जागेवर एक ठिपका मारून दिवसभर थांबा. सुरकुत्या आल्या किंवा नखाने निघालं तर ती जोडी जमणार नाही.

## ४. सामान

नागपूरच्या इतवारीतल्या रंगाच्या आणि हार्डवेअरच्या दुकानांत एका फेरीत बहुतेक सगळं मिळतं. पॉलिश पेपर १८०, २४०, ३२०, ४०० नंबरचे. वॉटर पेपर ६००, ८००, १०००, १५००, २००० नंबरचे. चांगली मास्किंग टेप. घरात पडून राहिलेली पिवळी जुनी टेप नको, तिचा गोंद लाकडावर राहतो. मिनरल टर्पेंटाइन, स्पिरिट, निवडलेलं फिनिश आणि त्याच कंपनीचा थिनर. धागे न सुटणारं जुनं सुती कापड, धोतर किंवा मऊ झालेला बनियन सगळ्यात चांगला. व्हर्निअर कॅलिपर. घासताना धुळीचा मास्क आणि फवारताना वाफ शोषणाऱ्या काडतुसांचा मास्क. हे दोन वेगळे आहेत. कापडी मास्क थिनरची वाफ अडवत नाही.

आणि एक गोष्ट कोणी घेत नाही ती म्हणजे सरावाचं लाकूड. लकडगंजात लाकडाच्या कोणत्याही दुकानात हातभर तुकडा सहज मिळेल. गिटारवर जे जे करणार ते आधी त्या तुकड्यावर, त्याच क्रमाने, शेवटच्या चमकेपर्यंत करा. माझ्या पहिल्या हेडस्टॉकवर मी हे केलं नव्हतं. थिनर जास्त झाला, लॅकर खाली ओघळलं आणि लोगोच्या कडेला थेंब गोठले. ते काढताना अर्धा लोगो गेला. ती गिटार मित्राची होती.

## ५. गिटार उघडणं

आधी फोटो काढा. ट्यूनर समोरून आणि मागून, स्क्रूंची जागा, ट्रस रॉडचं (नेकच्या आतल्या, त्याचा बाक ठरवणाऱ्या सळईचं) झाकण, सिरियल नंबर. नंबर कोरलेला नसून छापलेला असेल तर तो घासला की कायमचा गेला.

तारा एकदम कापू नका. अकूस्टिकच्या लाइट सेटचा एकूण ताण ७० किलोच्या आसपास असतो. सगळ्या तारा थोड्या थोड्या, आळीपाळीने सैल करा आणि मग काढा. गिटार काही आठवडे ताराविना राहणार आहे, म्हणून ट्रस रॉड पाव फेरा सैल करा. किती फिरवला ते कागदावर लिहा.

इलेक्ट्रिकचा नेक चार स्क्रूंवर असेल तर तो वेगळा काढा. मागच्या खाचेत कागदाचा किंवा लाकडाचा पातळ तुकडा निघाला तर तो कचरा समजून फेकू नका. नेकचा कोन त्याने ठरवलेला असतो.

ट्यूनर काढताना आधी मागचे बारीक स्क्रू, मग पुढचा षटकोनी नट. काही गिटारना पुढून दाबून बसवलेल्या धातूच्या बांगड्या असतात. त्या पुढून पकडीने ओढू नका. मागून भोकाच्या मापाची गोल लाकडी काडी घालून हलके ठोका. प्रत्येक ट्यूनरचे भाग वेगळ्या पुडीत ठेवून १ ते ६ आकडे टाका.

आता तारांखालची हाडाची किंवा प्लास्टिकची पट्टी, म्हणजे नट. ती नीट बसलेली असेल तर काढू नका, टेप लावून झाका. काढायचीच असेल तर आधी तिच्या चारही बाजूंनी धारदार ब्लेडने फिनिशवर रेघ मारा. रेघ न मारता ठोकली तर तिच्यासोबत हेडस्टॉकच्या फिनिशचा तुकडा निघतो, कधी लाकडाचाही.

## ६. साफसफाई आणि टेप

ही पायरी लोक घासल्यानंतर करतात. ती घासण्याआधीच हवी. नेकवर वर्षानुवर्षांचा घाम असतो, गिटार पॉलिशमधलं सिलिकॉन असतं आणि केसांना लावलेलं खोबरेल हातावाटे उतरलेलं असतं. त्यावरून घासलं की पेपर ते सगळं लाकडात चोळतो. मग नव्या कोटात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात आणि कितीही कोट मारा, ते भरत नाहीत. भांड्यांच्या साबणाचं पाणी लावून पिळलेल्या कापडाने पुसा आणि वाळू द्या. मग टर्पेंटाइनच्या कापडाने दोनदा पुसा, दर वेळी कापडाची नवी घडी. यानंतर नेकला उघड्या हाताने शक्यतो शिवू नका.

फ्रेटबोर्ड, म्हणजे नेकची बोटं दाबायची बाजू, पूर्ण झाकायचा. शिसवी किंवा रोजवूडचा फ्रेटबोर्ड बहुधा उघडाच असतो, त्यावर लॅकर लागता कामा नये. मेपलच्या फ्रेटबोर्डवर फिनिश असतं, पण फ्रेटच्या (धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) मधल्या जागा घरी घासणं फार कठीण, तेव्हा तोही झाकून सोडून द्या. टेपची कड फ्रेटबोर्डच्या वरच्या कोपऱ्यावर आणा, म्हणजे बाजूची पट्टी नव्या फिनिशमध्ये येईल आणि जोडरेघ दिसणार नाही.

अकूस्टिकमध्ये नेक बॉडीला चिकटलेला असतो. तिथे काम कुठे थांबवायचं हा प्रश्न येतो. नेकच्या मध्यात कधीही थांबू नका. हील, म्हणजे नेकचा बॉडीकडचा जाड भाग, जिथे बॉडीला मिळते ती नैसर्गिक रेघ हीच सीमा. बॉडी चादरीत आणि वरून प्लास्टिकमध्ये गुंडाळा, साउंडहोल बंद करा. जुन्या लॅकरच्या किंवा चपड्याच्या बॉडीवर टेप थेट चिकटवू नका, काढताना फिनिश सोलून येतं.

ट्यूनरच्या भोकांत कागदाच्या घट्ट सुरळ्या घाला. हे विसरलात तर भोकांच्या आत लॅकर साठतं, आणि त्याचा त्रास शेवटच्या पायरीवर होतो.

तपासा: कॅलिपरने नेकची जाडी १ल्या, ५व्या आणि ९व्या फ्रेटवर, आणि हेडस्टॉकची जाडी दोन ठिकाणी मोजून लिहा. हे आकडे पुढे दर अर्ध्या तासाला लागणार आहेत.

## ७. जुनं फिनिश काढणं

घाई झालेले लोक इथे तीन गोष्टींकडे वळतात: हीट गन, पेंट रिमूव्हर आणि घासायचं मशीन. तिन्ही टाळा. हीट गनने फिनिश पटापट उचललं जातं हे खरं, पण फ्रेटबोर्डचा गोंदही नरम पडतो, आणि कडेची पट्टी सेल्युलॉइडची असेल तर ती पेटते. रिमूव्हर प्लास्टिकच्या पट्ट्या आणि ठिपके विरघळवतो. मशीन गोल नेकवर सपाट चट्टे पाडतं, जे डोळ्यांना दिसत नाहीत पण पहिल्याच कॉर्डला अंगठ्याला कळतात.

स्टीलची पातळ स्क्रेपर पत्री आणि हात, एवढंच पुरे. जाड पीयू आधी पत्रीने खरवडा. पत्री थोडी वाकवून, दोन्ही अंगठ्यांनी ढकलत, लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आपले जुने सुतार फुटक्या काचेने हेच काम सुरेख करतात, पण त्याला सवय लागते. फिनिश पातळ झालं की १८० नंबर, मग २४०, मग ३२०.

नेकवर पेपर तळहाताच्या खोबणीत धरा आणि नटपासून हीलपर्यंत लांब हात फिरवा. बूट पॉलिश करतो तसं आडवं घासलं तर काम लवकर होतं खरं, पण रेषांना आडवे ओरखडे पडतात आणि रंग किंवा क्लिअर लागताच ते उठून दिसतात. आडवं घासायचंच असेल तर फक्त १८० नंबरपर्यंत, आणि पुढचे सगळे पेपर उभे.

हेडस्टॉकवर पेपर नेहमी लाकडी ठोकळ्यावर गुंडाळा. बोटांनी घासलं की कडा गोल होतात आणि भोकांभोवती खळगे पडतात. दर्शनी बाजूला बहुतेक वेळा व्हिनिअर (वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) असतं, म्हणून तिथे १८० नंबर लावूच नका. कडेला वेगळ्या रंगाचं लाकूड डोकावलं की लगेच थांबा.

लोगोचं काय? तो फिनिशच्या आत दबलेला असेल, तर त्याच्यावरचं क्लिअर फक्त ६०० नंबरने हलकं मॅट करा आणि नवं क्लिअर वरून द्या. शिंपल्याचा जडवलेला लोगो थोडं घासणं सहन करतो. छापलेला मुळीच करत नाही.

सावध: रोजवूडच्या धुळीने काहींच्या अंगावर पुरळ उठतं. पूर्ण बाह्या, मास्क, आणि झाडूऐवजी ओलं फडकं.

## ८. लाकूड तयार करणं

नखाएवढे दबलेले खड्डे घासून काढायची गरज नाही. खड्ड्यावर ओल्या सुती कापडाची घडी ठेवा आणि सोल्डरिंग आयर्नचं टोक दोन-तीन सेकंद टेकवा. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. दोन-तीनदा केलं की बरेच खड्डे भरतात. गोंदाच्या जोडाजवळ मात्र हे करू नका.

मग पूर्ण लाकडावरून ओलसर कापड फिरवा आणि तासभर वाळू द्या. हाताला काटे लागतील. ते ४०० नंबरने, जेमतेम दाब देऊन काढा. ही पायरी आत्ता केली नाही तर पहिला कोट हेच काटे उभे करेल.

मेपलची छिद्रं बारीक, त्याला भरावाची गरज नसते. महोगनी जातीच्या लाकडात लांब छिद्रं दिसतात. चकचकीत फिनिश हवं असेल तर ग्रेन फिलर (छिद्रं भरायचा लगदा) रेषांना आडवा चोळून भरा, पुसा, एक दिवस वाळवा. नेकची पाठ मॅट ठेवणार असाल तर छिद्रं तशीच राहू द्या, हाताला चांगली लागतात.

तपासा: स्पिरिटच्या कापडाने लाकूड ओलं करा आणि टॉर्च अगदी आडवा धरून बघा. क्लिअर लावल्यावर लाकूड कसं दिसेल तेच आत्ता दिसतंय. आडवा ओरखडा दिसला तर परत २४० पासून. यात शॉर्टकट नाही.

## ९. नेकला कापडाने फिनिश

दोन भाग पीयू क्लिअर, एक भाग टर्पेंटाइन. डबा हलवू नका, बुडबुडे होतात, काडीने सावकाश ढवळा. थोडं एका वाटीत काढून घ्या आणि उरलेलं डब्यात परत ओतू नका.

बनियनच्या कापडाची गोळी करून बुडवा, वाटीच्या कडेला पिळा आणि नटकडून हीलकडे एकाच लांब हाताने ओढा. पुढचा हात थोडा चढवून. कोट इतका पातळ हवा, की काहीच लागलं नाही असं वाटावं. सुटलेली जागा दिसली तरी मागे फिरू नका. दोन मिनिटांत पृष्ठभाग ओढायला लागतो आणि कापडाचे वळ उमटतात. सुटलेली जागा पुढच्या कोटात भरेल.

दिवसाला एकच कोट. दुसऱ्या दिवशी ४०० नंबर फक्त टेकवून फिरवा. पांढरी पूड निघाली तर वाळलंय. पेपरवर गोळ्या जमल्या तर आणखी एक दिवस थांबा. पूड पुसा आणि पुढचा कोट. असे चार ते पाच.

तेल लावणार असाल तर भरपूर लावा, पंधरा मिनिटं थांबा आणि मग सगळं पुसून काढा. वर राहिलेलं तेल कधीच नीट घट्ट होत नाही. असे तीन-चार हात, दर वेळी एक-दोन दिवसांच्या अंतराने.

सावध: जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळ्यातल्या फडक्याला आपोआप आग लागू शकते. ती दोरीवर पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा.

## १०. हेडस्टॉकला फवारा

नेक पूर्ण वाळल्यावर त्याला कागद गुंडाळा आणि मग हेडस्टॉक घ्या. दोन्ही एकाच दिवशी करू नका.

हिवाळ्यात स्प्रे कॅन दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. कोमट म्हणजे हाताला सोसेल इतकंच, गॅसवर अजिबात नाही. दोन मिनिटं हलवा. पहिला फवारा गिटारवर न मारता कागदावर मारा, तोंडातला थेंब तिथे जाईल.

अंतर २० ते २५ सेंटिमीटर. बोट हेडस्टॉकच्या बाहेर दाबा, हात सरळ पलीकडे न्या, बाहेर गेल्यावरच सोडा. मनगट कमानीसारखं वळवू नका, नाहीतर मध्ये जाड आणि कडांना पातळ बसतं. पहिला कोट केवळ धुक्यासारखा. नंतरचे जरा ओले. आधी कडा, मग दर्शनी भाग. हेडस्टॉक शक्यतो आडवा ठेवा, ओघळ येत नाहीत.

एका दिवसात तीन कोट, मध्ये निदान एक तास. असे दोन-तीन दिवस, एकूण सहा ते आठ. रोज सकाळी पहिल्या कोटाआधी ४०० नंबरने धुळीचे कण काढा.

ओघळ आला तर ओला असताना बोट लावू नका. दोन दिवस वाळू द्या, मग ब्लेडने फक्त उंचवटा खरवडा. दुधाळ झालं तर घाबरू नका. कोरड्या दुपारी वरून अगदी हलका थिनरचा फवारा मारला की अडकलेली वाफ बहुधा निघून जाते आणि क्लिअर पुन्हा स्वच्छ होतं.

टेप शेवटचा कोट मारल्यावर तासाभराने काढा. आधी कडेवर ब्लेडची हलकी रेघ, मग टेप स्वतःवर दुमडून सावकाश ओढा. आठवडाभराने काढली तर ती कडेचं फिनिश घेऊन येते.

## ११. वाट पाहा

पीयूला निदान दोन आठवडे, एनसीला तीन ते चार. हाताला कोरडं लागणं म्हणजे पक्कं होणं नव्हे. नाक जवळ नेऊन वास घ्या. थिनरचा वास येतोय तोवर आतून थिनर निघतोच आहे, आणि तोवर लॅकर आकसतही असतं. आज सपाट घासलंत तर महिन्याने छिद्रांच्या रेषा पुन्हा दिसतील.

या काळात गिटार रबर किंवा फोमच्या स्टँडवर टेकवू नका. एनसी लॅकरवर रबराची प्रक्रिया होऊन कायमचा डाग पडतो. पक्कं झाल्यावरही स्टँडला सुती कापड गुंडाळलेलं बरं.

तपासा: ट्यूनरच्या प्लेटखाली जाणाऱ्या जागेवर नख दाबा. वळ उमटला तर आणखी एक आठवडा.

## १२. सपाटी आणि चमक

नेकची पाठ मॅट ठेवा. बारीक पॅडने लांबीच्या दिशेने फिरवलं की झालं.

हेडस्टॉकला ८०० नंबरचा वॉटर पेपर ठोकळ्यावर, पाण्यात साबणाचा एक थेंब. चमकणारे बारीक ठिपके म्हणजे खोल राहिलेल्या जागा. ते जाईपर्यंत घासा, त्यापुढे एक हातही नाही. कडांपासून चार मिलिमीटर दूर राहा, कारण तिथे कोट सगळ्यात पातळ असतो. मग १०००, १५००, २०००, आणि शेवटी गाड्यांच्या रंगाचं रबिंग कंपाउंड मऊ कापडावर. पीयूवर ठोकळा जोरात चालवलात तर एका थरातून दुसऱ्यात शिरताना नकाशासारख्या रेघा दिसतात, आणि त्या चमक देऊन जात नाहीत. पुन्हा एक कोटच द्यावा लागतो.

पाणी अगदी कमी. भोकांत पाणी शिरलं की उघडं लाकूड फुगतं आणि भोकाभोवतीचं लॅकर तडकतं. कागदाच्या सुरळ्या अजून आत असल्या पाहिजेत.

## १३. जोडणी

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक चिरा इथे पडलेल्या असतात. भोकाच्या आत लॅकर साठलंय, बांगडी जात नाही, म्हणून हातोडी. हातोडी ठेवून द्या. पेन्सिलवर ३२० नंबरचा पेपर गुंडाळा आणि भोकाच्या आत फिरवा, बांगडी अंगठ्याच्या दाबाने अर्धी जाईपर्यंत. ड्रिल लावू नका, त्याचं पातं कडेच्या लॅकरला पकडून टवका उडवतं.

बारीक स्क्रूंना मेणबत्तीचं मेण लावा आणि आधी उलटं फिरवून जुनी आटी शोधा, मग घट्ट करा. पुढचा षटकोनी नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा, बस. जास्त आवळला की वायसरखालचं नवं फिनिश चुरगळतं. नटची पट्टी काढली असेल तर गोंदाचे दोनच थेंब, पुढे कोणालातरी ती पुन्हा काढावी लागेल.

तारा चढवा, पण पहिल्या दिवशी पूर्ण सुरापेक्षा दोन स्वर खाली ठेवा. दुसऱ्या दिवशी सुरात आणा. मग ट्रस रॉड लिहून ठेवल्याप्रमाणे परत फिरवा. पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि सातव्या फ्रेटपाशी बघा. पोस्टकार्डाएवढी फट, म्हणजे साधारण ०.२ मिलिमीटर, दिसली तर ठीक. तार टेकलेली असेल तर ट्रस रॉड अजून थोडा सैल हवा. फट जास्त असेल तर थोडा घट्ट. एका वेळी अष्टमांश फेरा, आणि मग एक रात्र थांबून पुन्हा बघा.